सात नंबरची कॉलर

अप्पा, आमच्या क्लासमध्ये हल्ली पोरांना डोळे मिटून बसायला शिकवतात. रोज सकाळी सहाला, चाचणी सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटं. माइंडफुलनेस म्हणतात त्याला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "डोळे मिटायला बी मास्तर लागून राहिले का आता?" आणि मग पुन्हा आपल्या कामाला लागला असता. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. जिवंत होता तेव्हाही नाही, कारण मुदखेड काय, लातूर काय, एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आज लिहायला बसले त्याला कारण हे ध्यान. त्यानं माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट उकरून काढलीय आणि ती तुम्हाला सांगायची राहिलीय. ती सांगेपर्यंत मला या ध्यानाबद्दल धड बरंही बोलता येत नाही आणि वाईटही.

आधी माझं सांगते. मी अजून लातूरलाच आहे, त्याच क्लासमध्ये, तोच विषय शिकवते, फिजिक्स. पोरं-पोरी डॉक्टर व्हायला येतात, दोन-दोन वर्षं होस्टेलवर राहतात, आणि आम्ही त्यांना प्रश्न सोडवायला लावतो, उठल्यापासून झोपेपर्यंत. मागच्या वर्षी आमच्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, पुण्याहून एक ट्रेनर बाई आणली. बाई म्हणजे पोरगीच, तिशीतली, बोलायला गोड. पहिल्या दिवशी तिनं प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवला आणि सांगितलं, हा दहा मिनिटं खायचा. आधी बघायचा, मग वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा, चावायची घाई नाही. सकाळी सहा वाजता उपाशीपोटी आलेली दोनशे पोरं. निम्म्यांनी तो बघायच्या आधीच गिळला होता. मागच्या रांगेतल्या एकानं तर हात वर करून विचारलं, "म्याडम, अजून एक भेटंल का?" मला हसू आलं, आणि त्याच वेळी मनात शंकेची पाल चुकचुकली. सर ज्या गोष्टीवर खर्च करतात ती कशासाठी करतात, हे मला एकवीस वर्षांत चांगलं कळलेलं आहे.

मग ती बाई म्हणाली, "आता डोळे मिटा. तुम्ही एका स्टेशनच्या बाकावर बसला आहात. विचार म्हणजे गाड्या. गाडी येईल, थांबेल, जाईल. तुम्ही चढायचं नाही, अडवायचंही नाही. फक्त बघत राहायचं." सगळ्या हॉलमध्ये शांतता. शिक्षकांनीही बसायचं असा सरांचा हुकूम होता, म्हणून मीही भिंतीकडेच्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. आणि अप्पा, मला रागच आला. म्हटलं, ही पोरगी कधी स्टेशनवर नीट बसली तरी आहे का? गाडी कधी आपोआप येते का आणि आपोआप जाते का? तिला लाइन द्यावी लागते. तिला हव्या त्या रुळावर वळवणारा सांधा लावावा लागतो, सिग्नल पाडावा लागतो. ती बाकावर बसून गाड्या बघते तेव्हा केबिनमध्ये कोणीतरी उभा असतो म्हणून तिला बाकावर बसता येतं. मी त्या कोणाची तरी मुलगी आहे. डोळे मिटून घेतले तर गाड्या येतात-जातात, हे मला कोणी सांगू नये.

मुदखेडची तुमची केबिन मला आजही जशीच्या तशी दिसते. लाकडी जिना, वर काचेची खोली, आणि खोलीभर ओळीनं उभ्या लिव्हर, माझ्या डोक्याच्या वर जाणाऱ्या. लाल सिग्नलच्या, काळ्या सांध्याच्या, निळ्या कुलपाच्या, आणि एक पांढरी, जिला काहीच काम नव्हतं. तुम्ही लिव्हरला कधी नुसत्या हातानं शिवत नव्हता. खांद्यावर फडकं, ते मुठीत धरायचं आणि मग दांडा धरायचा, कारण हाताच्या घामानं लोखंड गंजतं. दांडे चांदीसारखे चकचकीत. फोन वाजतो, स्टेशन मास्तर सांगतात, तुम्ही ते मोठ्यांदा परत म्हणता, मग लिव्हरजवळ जाता, तिचा नंबर मोठ्यांदा म्हणता, खिडकीतून बाहेर बघता, आणि मग ओढता. ऐकायला केबिनमध्ये कोणी नसलं तरी मोठ्यांदा. मी डबा घेऊन यायचे तेव्हा मला वाटायचं, अप्पा लिव्हरींशी बोलतात. एकदा विचारलंही होतं, काहून बोलता हो एकटेच? तर तुम्ही म्हणाला होता, "तोंडानं बोललं की कान ऐकतो. कानानं ऐकलं की हात थांबतो. मन काय, आता हितं हाय, आता हदगावच्या बाजारात."

आणि कॉलर. ज्या लाइनवर गाडी उभी असेल त्या लाइनच्या लिव्हरवर तुम्ही एक लोखंडी कडं चढवायचात. लाल रंगाचं, जाड. ते चढवलं की लिव्हरचा खटका दाबता यायचा नाही. हात सवयीनं गेला तरी कडं हाताला लागायचं आणि आठवायचं, की इथं गाडी उभी आहे. गाडी निघून गेली की कडं काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं. चार कॉलरी होत्या, चार खिळे. मी म्हटलं होतं, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, मग कशाला? तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला होता, "मन लई चांगलं हाय माय, पर ते रेल्वेच्या नोकरीला न्हाई. कॉलर नोकरीला हाय." त्या वेळी मला ते गमतीचं वाटलं. आता मला वाटतं, लक्ष देण्याबद्दल मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं तेच होतं. ती पुण्याची बाई मनाला सावकाश परत आणायला सांगते. तुम्ही मन भटकणारच हे गृहीत धरून लोखंडाचं कडं तयार ठेवायचात.

तर आमच्या क्लासचं ध्यान. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एक फॉर्म दिला. ताण किती वाटतो, एक ते दहा. झोप लागते का. वाचताना मन भरकटतं का. वर रोल नंबर लिहायचा होता. मी सरांना म्हटलं, रोल नंबर कशाला? ते म्हणाले, "अहो मॅडम, प्रगती कळायला नको का?" ज्या पोरांनी नऊ-दहा लिहिलं त्यांच्या घरी फोन गेले, की तुमचा पाल्य मानसिकदृष्ट्या कमकुवत वाटतोय, एकदा भेटून जा. महिन्यानं तोच फॉर्म पुन्हा दिला. तेव्हा सगळ्यांचा ताण उतरला होता. दोन, तीन, जास्तीत जास्त चार. सरांनी ते नव्या माहितीपत्रकात छापायला घेतलं. पोरं काही खुळी नाहीत. बाप मजुरी बुडवून हिमायतनगरहून लातूरला यायला नको म्हणून पोरगी तीन लिहिते, आणि आम्ही म्हणतो ध्यानाचा परिणाम.

ही हिमायतनगरची पोरगी मी उगीच घेतलेली नाही. ती खरोखर आहे. पहिल्या फॉर्मवर तिनं नऊ लिहिलं होतं, दुसऱ्यावर तीन. हुशार, पण अबोल. दिवाळीनंतर तिच्या एका चाचणीत अकराव्या प्रश्नापासून सगळी उत्तरं एक घर खाली सरकली. म्हणजे अकराचं उत्तर बाराच्या गोलात, बाराचं तेराच्या, असं शेवटपर्यंत. उत्तरं तपासली तर बहुतेक सगळी बरोबर, फक्त जागा चुकलेली. पुढच्या चाचणीत पुन्हा तसंच. सर म्हणाले, "लक्ष नाही तिचं. ध्यानाला पुढच्या रांगेत बसवा, आणि तरी जमलं नाही तर खालच्या बॅचला टाका." खालची बॅच म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तिकडे गेलेलं पोर सहसा वर येत नाही, आणि घरी ते सांगता येत नाही. तिला पुढच्या रांगेत बसवलं. दुसऱ्याच दिवशी मी बघितलं, डोळे मिटल्यावर तिचा श्वास जोरात चालायला लागला, हाताच्या मुठी वळलेल्या, कपाळावर घाम. बाई म्हणत होती, श्वासाकडे लक्ष द्या. आणि ही श्वासाकडे लक्ष देऊन देऊन गुदमरायला लागली होती. मी उठून तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, डोळे उघड.

त्याच दिवशी, परत खुर्चीवर येऊन मी डोळे मिटले, आणि मलाही नको ते दिसलं. पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही, अप्पा. मी अकरा वर्षांची आहे. दुपार आहे. मी डबा घेऊन केबिनवर आलेय. दोन नंबरच्या लाइनवर मालगाडी उभी आहे आणि त्या लाइनच्या सिग्नलच्या, सात नंबरच्या लाल लिव्हरवर कॉलर आहे. तुम्हीच ती चढवलीय. मी बघितलं. तुम्ही जेवून हात धुवायला जिना उतरता, खाली नळावर पॉइंट्समन काकांशी बोलत थांबता. मी सात नंबरजवळ जाते आणि ती कॉलर उचलून काढते. आत्याच्या हातात चांदीचं जाड कडं होतं, तसं मला हवं होतं, एवढंच. मी ती हातात घालते, कोपराच्या वर सरकवते, काचेत बघते. जिन्यावर तुमची चप्पल वाजते. मी हात पाठीमागे घेते. तेवढ्यात फोन वाजतो. नांदेडकडची पॅसेंजर, एक नंबरवर घ्या, मास्तर सांगतात, आणि तुम्ही ते मोठ्यांदा परत म्हणता, एक नंबर. पण ती पॅसेंजर रोज दोन नंबरवर यायची. रोजच्या सवयीनं तुमचा हात सातवर जातो, नंबर म्हणायच्या आणि खिडकीतून बघायच्या आधीच. सांधा अजून दोन नंबरलाच लागलेला होता. हाताला कडं लागत नाही. तुम्ही ओढता.

तार ओढल्याचा आवाज आला आणि लांबवर सिग्नलचा हात खाली पडला, म्हणजे पॅसेंजरला दोनवर यायची परवानगी. खालून काका ओरडले, "ओ, दोनवर माल उभा हाय." तुम्ही लिव्हर परत ढकललीत. असा आवाज झाला की काचा हादरल्या. गाडी अजून लांब होती, तिची शिट्टी मागून ऐकू आली. काहीच झालं नाही. अर्धं मिनिटही गेलं नसेल. तुम्ही खिडकीतून वाकून आणि काका खाली नळापाशी, दोघं गाडीच्या दिशेनं बघत होता, आणि मी, अप्पा, त्या अर्ध्या मिनिटात कॉलर कोपरावरून ओढून काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. कोपर सोललं होतं. तुम्ही वळलात. आधी लिव्हरकडे बघितलंत, मग भिंतीकडे. चार खिळे, चार कॉलरी. तुमचा चेहरा मला आजही आठवतो. तुम्ही मला काही विचारलं नाही. मला विचारायचं असतं हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही खाली बसलात, स्टुलावर नाही, जमिनीवर, आणि म्हणालात, "म्या कॉलर लावलीच न्हाई."

संध्याकाळी तुम्ही स्वतः जाऊन मास्तरांना सांगितलंत. ते म्हणाले म्हणे, झालं काहीच नाही, कोणी बघितलं नाही, सोडून द्या. तुम्ही म्हणालात, "झालं न्हाई म्हून सांगून राहिलो सायेब. झाल्यावर कोन सांगंल?" आणि केबिनमधून काढा असा अर्ज दिलात. महिन्याभरात तुम्ही पार्सल ऑफिसात. पोत्यांवर नंबर टाकायचे, बस. कोणी तुम्हाला शिक्षा केली नाही, तुम्हीच करून घेतलीत. त्यानंतरचे अप्पा वेगळे होते. दाराला कुलूप लावून दहा पावलं गेलात की परत यायचात, ओढून बघायला. स्टोव्ह बंद आहे का ते आईला दोनदा विचारायचात. सकाळी तळहातावर शाईनं कामं लिहायचात. तुम्हाला स्वतःच्या डोक्याचा भरोसा उरला नाही. नांदेडच्या वैद्यानं ब्राह्मीचं तेल दिलं, डोक्याला लावायला, लक्ष टिकावं म्हणून. दर शनिवारी ते मी लावायचे. तुम्ही ओसरीत खाली बसायचात, मी मागे गुडघ्यांवर उभी राहून तुमच्या टाळूवर तेल जिरवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "चांगलं जिरव माय, आत जाऊ दे." मी चांगलं जिरवायचे. मी अकरा वर्षांची होते, मग बारा, मग तेरा, आणि माझे हात तुमच्या डोक्यावर असायचे आणि मला माहीत होतं की या डोक्यात काही बिघडलेलं नाही.

म्हणून मला या ध्यानाचा संशय येतो. त्यात काही वाईट आहे म्हणून नाही. आमच्या डॉक्टरीण बाई म्हणतात माझा रक्तदाब थोडा उतरलाय, आणि मी म्हणते गोळीनं उतरला असेल, त्या म्हणतात दोन्हीनं असेल. असेल. पण ज्याचं लक्ष चुकतं त्याच्याच डोक्यात दोष आहे असं आपण किती पटकन धरतो, आणि तेल घेऊन त्याच्या मागे उभे राहतो. कॉलर कोणी काढली, हे कोणी विचारत नाही. मी त्या पोरीला स्टाफ रूममध्ये बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, झोपतेस किती? ती आधी म्हणाली, भरपूर. मग म्हणाली, "अकराला अभ्यासिका सुटती म्याडम. मंग होमवर्क. साडेचारला उठवतेत. मधी तीन-साडेतीन तास भेटतेत." मी म्हटलं, आणि ध्यान? ध्यानानं बरं वाटतं का? ती पहिल्यांदा हसली. "पैल्या रांगेत बसवायच्या आदी बरं वाटायचं. मागं बसलं की झोप लागायची. धा मिनिटं कुनी काई इचारत न्हाई, म्हून."

मी पुण्याच्या बाईलाही गाठलं. भांडायच्या तयारीत गेले होते, पण ती भांडली नाही. म्हणाली, "मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की मुलांना झोप द्या, मग मला बोलवा. आणि सगळ्यांना डोळे मिटणं मानवत नाही, त्यांना उघडे ठेवू द्या. त्यांनी फक्त वेळ ठरवली आणि फॉर्म ठेवून घेतले." मग मला विचारलं, "तुम्हाला तरी उपयोग होतोय का?" मी म्हटलं, मला जुन्या गोष्टी आठवतात. ती म्हणाली, येऊ द्या, बघा आणि जाऊ द्या. मी म्हटलं, बाई, ही गाडी जाणारी नाही, उभी आहे. तिला ते कळलं नसावं, पण तिनं माझा हात धरला. पोरगी वाईट नाही.

मग सरांकडे गेले. म्हटलं, सहाची चाचणी आठला घ्या आणि अभ्यासिका दहाला बंद करा. सर हसले. "मॅडम, समोरच्या क्लासची पाचला असते. आपण आठला घेतली तर पालक काय म्हणतील?" मी म्हटलं, मग त्या मुलीला खालच्या बॅचला पाठवायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. विषय शिक्षकाची सही लागते, एवढं एकच माझ्या हातात होतं. ते म्हणाले, "तुम्ही एवढं मनाला का लावून घेताय? दोन वेळा चुकली ती. लक्ष नाहीये तिचं." आणि माझा आवाज चढला, अप्पा. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, तिचं लक्ष आहे, तुम्ही तिची झोप काढून घेतलीय आणि खिळ्याला अडकवून ठेवलीय. सरांना खिळा काय तो कळला नाही. ते म्हणाले, बघू. चाचणी अजून सहालाच आहे. पण कागद माझ्या खणात बिनसहीचा पडलाय, ती पोरगी वरच्या बॅचलाच आहे, आणि मागच्या भिंतीकडे बसते. उत्तरांचा कागद भरताना तिनं दर दहा प्रश्नांनंतर पट्टी आडवी ठेवायची, असं मी तिला शिकवलंय. पट्टी हाताला लागली की थांबायचं आणि नंबर तोंडातल्या तोंडात म्हणायचा. मागच्या तीन चाचण्यांत उत्तरं सरकली नाहीत. हे कुठून शिकलात म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, माझे वडील रेल्वेत होते.

तिला एवढं तरी सांगितलं, तुम्हाला काहीच नाही. हे पत्र कुठे टाकणार? तुमचं क्वार्टर पाडलं, केबिनमध्ये आता लिव्हर नाहीत, बटणांचा तक्ता आहे म्हणतात. खणात ठेवीन, त्या कागदाखाली. रोज सकाळी मी अजूनही ती दहा मिनिटं बसते, संशय धरून बसते. श्वास मोजत नाही. मी चार खिळे बघते आणि पुन्हा पुन्हा ती कॉलर काढून सातवर चढवते. ताण कमी होतो का म्हणाल, तर नाही.

आणि एक राहिलं. अकरा वर्षांच्या पोरीला तुम्ही माफ केलं असतं, हे मला माहीत आहे, म्हणून तर इथपर्यंत लिहिता आलं. पण शेवटच्या वर्षी तुम्ही लातूरला माझ्याकडे होता. दुपारी गॅलरीत खाटेवर पडला होता, मी तुमच्या गोळ्या काढत होते, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "माय, त्या दिशी केबिनमदी तू व्हतीस की गं. याद हाय का तुला? म्या कॉलर लावली व्हती का?" मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. मला पोर होतं, नोकरी होती, कोणाची भीती नव्हती. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "नाही आठवत अप्पा. माझं लक्ष नव्हतं." तुम्ही म्हणालात, "हाव, लहान व्हतीस," आणि भिंतीकडे वळून झोपलात. लक्ष होतं, अप्पा. तुम्ही कॉलर लावली होती.